पाया हलत नाही असं धरून

ती. सौ. वन्संना वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता जिना चढू देतात का, ते आधी कळवा. मी दिलेलं तेल लावत असाल तर उत्तम, नसाल तर बाटली परत पाठवा (माझ्या कंबरेला होईल, वाया का घालवायचं). आम्ही देवाच्या कृपेने बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या भावाचं मात्र बरं नाही, आणि ते आजारीही नाहीत, ही खरी पंचाईत.

ते नेमकं काय काम करतात हे आपल्या नात्यात कुणालाच ठाऊक नाही. (सासूबाई शेवटपर्यंत 'पंखे दुरुस्त करतो' असं सांगत राहिल्या, त्यामुळे शेजारी अजून आपले टेबलफॅन आमच्या दारात आणून ठेवतात.) तर काम असं. भट्टीचा धूर ओढणारा एक लोखंडी पंखा असतो, माझ्या स्वयंपाकघराहून मोठा. खरा बांधायच्या आधी हे कंप्युटरमध्ये त्याचा खोटा पंखा करतात, तो फिरवतात आणि किती थरथरतो ते बघतात. हे म्हणतात, प्रत्येक वस्तूचा स्वतःचा एक ठेका असतो. फिरण्याचा वेग त्या ठेक्याशी जुळला की थरथर वाढत जाते, आणि मग पातं सुटून कुठे जाईल त्याचा नेम नाही. माणसांचं जुळलं नाही तर मोडतं, लोखंडाचं जुळलं की मोडतं, एवढं मला मॅट्रिकवाल्या बाईलाही कळलं.

आता मुद्द्याचं. हा पंखा तुमचे यजमान कामाला आहेत त्याच कारखान्यात बसायचा आहे, जुना काढून त्याच जागी, त्याच पायावर. आणि तो पाया राखेच्या भरावावरचा, पार भुसभुशीत झालेला. ह्यांनी प्रत्यक्ष मोजून आणलेले आकडे घातले, तर खोटा पंखा नेमका चालायच्या वेगालाच पिसाळला. पंखा ठीक आहे अशी सही ह्यांनी करायची होती. ह्यांनी केली नाही.

तेव्हापासून घरात घरपण राहिलेलं नाही. जेवताना ताटाच्या कडेला बोट टेकवून बसतात. फ्रिज सुरू झाला की त्याच्या पाठीवर हात ठेवतात (माझ्या पाठीवर इतक्या मायेनं कधी ठेवलेला आठवत नाही). झोपेत दात वाजवतात, आणि मी हलवून उठवलं तर विचारतात, "वेग किती होता?"

मागच्या आठवड्यात त्यांचे साहेब घरी आले. कुणी काही अडचण सांगितली की "होईल, होईल" म्हणतात, म्हणून सगळे त्यांना होईलसाहेब म्हणतात. ह्यांना वाटलं, पाया म्हणजे काय ते डोळ्यांपुढे दाखवावं. म्हणून माझा मिक्सर आधी फरशीवर चालवला, बिचारा गुमान चालला. मग आमचं लंगडं टेबल आणलं, त्याच्या पायाखालचा पुठ्ठा काढला आणि मिक्सर त्यावर ठेवला. वन्सं, मिक्सर चालायला लागला हो! सरळ साहेबांकडे गेला आणि त्यांच्या मांडीवर कोसळला. आत टोमॅटो होते. साहेबांचा पांढरा शर्ट असा काही झाला की शेजारीण खिडकीतून किंचाळली. (भांड्याला चीर गेली आहे. त्याबद्दल नंतर कधीतरी.)

साहेब रुमालाने पुसत म्हणाले, "तुमचं टेबल हलतं हो. आपला पाया हलत नाही."

"कशावरून?"

"धरलंय ना तसं! तुम्हीही धरा. पाया हलत नाही असं धरा, मग बघा उत्तर कसं सुरेख येतं."

"सुरेख येईल, पण पंखा राहणार नाही."

"अहो, होईल, होईल!"

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले, "होईल."

जाताना साहेब दारात मला म्हणाले, "वहिनी, तुम्हीच समजवा. ह्या वयात दुसरी नोकरी कोण देतं?" खोटं कशाला लिहू, मी समजावलंही. म्हटलं, सगळं जग असंच धरून चालतं, करून टाका सही, वर देव आहे. तर म्हणाले, "आहे असं धरून चालायचं का?" मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. देवाला धरून चालायचं असतं, देव आहे असं धरून चालायचं नसतं, एवढा फरक शिकल्यासवरल्या माणसाला कळू नये? पण मग मी देवापुढे बसले, डोळे मिटले, तर समोर देव येईना. तुमचे यजमान आले. पंख्याशेजारच्या त्या लोखंडी फलाटावर उभे, बेअरिंग तापलंय का ते हात लावून बघताहेत. मी तशीच उठले आणि म्हटलं, नका करू सही, मी दूध कमी घेईन. हे हसले. खूप दिवसांनी हसले.

तेव्हा तुम्ही निश्चिंत असा. तुमचा भाऊ सही करणार नाही आणि तो पंखा सुरू होणार नाही. यजमानांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. — पाकीट चिकटवणार तोच हे भर दुपारी घरी आले, डबा न उघडलेला. पंख्याचं काम ह्यांच्याकडून काढून होईलसाहेबांच्या भाच्याला दिलं. त्याने पाया हलत नाही असं धरलं आणि सही केली. पंखा ट्रेलरवर चढून निघालासुद्धा. ह्यांनी तुमच्या कारखान्याला कळवलं, तर तिकडून उत्तर आलं की कागदावर सही आहे, आमची तक्रार नाही. बसवून चालू करायला पंधरवडा धरा (बघा, मीही धरायला लागले). तेवढ्यात यजमानांना तिथून काढा. तुमच्या भावाला झटका आलाय, शेवटचं भेटून घ्या, असं सांगा आणि दोघं इकडे या. फोनवर सांगितलं असतं, पण हे फोनपासून दोन हातांच्या अंतरावर भिंतीकडे बघत बसलेत आणि त्यांना खोटं चालत नाही. हे पाप माझ्या नावावर मांडायला मी देवाला सांगून ठेवलंय.

आणखी एक — यजमान नसले तर त्या फलाटावर दुसरं कुणीतरी उभं राहणारच, हे मला वरचं लिहून झाल्यावर सुचलं. तिथल्या बाकीच्या बायकांचे पत्ते माझ्याकडे नाहीत. हे पत्रच त्यांना वाचून दाखवा. मिक्सरचंही वाचा, हसल्या तर हसू देत, निदान शेवटपर्यंत ऐकतील. फक्त, सगळ्यांच्याच भावांना एकदम झटका यायचा नाही. त्यांना खरं तेच सांगावं लागेल.