खोलीचा रकाना

१४ मार्च

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. दोन वर्षांनी माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझे भावोजी ठणठणीत आहेत. रिटायर झाले तरी शेजाऱ्यांची घड्याळं फुकट दुरुस्त करतात आणि स्वतः जेवायला तासभर उशिरा येतात.

माझा उजवा गुडघा मात्र संपावर गेलाय. बदलायचाय. येत्या सोमवारी ऑपरेशन.

मागच्या आठवड्यात ॲडमिशनचा फॉर्म भरला. काल खर्चाचा कागद हातात पडला. सगळी ठेव मोडून वर घर गहाण टाकावं लागलं असतं! हॉस्पिटलच्या खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "डॉक्टरांनी तर याच्या निम्मा सांगितला होता. आठवड्यात गुडघे महागले का?"

"आजी, तुम्ही स्वतंत्र खोली घेतलीत ना. खोलीप्रमाणे सगळंच वाढतं. डॉक्टरांची फी, भूल, थिएटर, सगळं."

"म्हणजे भुलीला कळतं, मी कुठल्या पलंगावर झोपणार ते?"

ती हसली. मी नाही. दिवसाढवळ्या लूट, आणि वर मला आजी म्हणते!

खोलीच्या रकान्यात खूण तुझ्या भावोजींनी केली होती. म्हणे, "चार बायकांत पाय उघडा टाकून पडायची लाज वाटते, असं तूच म्हणाली होतीस." चाळीस वर्षांत माझं एकच वाक्य लक्षात ठेवलं, तेही हे! पण खाली सही माझी होती, चिमे. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे शाळेत नन्सनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. ह्यांनी बोट ठेवलं तिथे मी केली.

मध्येच उठून चहा करून आले.

तुझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनला तू स्वतंत्र खोली घेतलीस आणि त्यापायी शिवणाचं दुकान विकलंस, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हॉस्पिटलात हनिमूनला गेला होतात का?" तू ताटावरून उठून गेलीस. त्याला शांत झोप लागावी, एवढंच तुला हवं होतं. तुलाही त्या खिडकीवर कोणी काही सांगितलं नसणार. आणि तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवणारी ही तुझी शहाणी ताई. तिने तुला 'फॉर्म वाचून दाखवू का' असं साधं विचारलंही नाही.

चूक माझी. लिहिलं एकदाचं.

मी स्वतंत्र खोली खोडून जनरल वॉर्ड केला. घर वाचलं. वॉर्ड बघूनही आले: सहा खाटा, दोन मोठ्या खिडक्या, आणि पलीकडच्या खाटेवर एक बाई, भांडायला अगदी माझ्या तोडीची. खरं सांगू? खूश आहे मी.

अडचण एकच. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषांना थांबू देत नाहीत. सोबतीला बाई लागते, आणि तिचं नाव फॉर्मवर लिहावं लागतं. तुझं लिहिलं. न विचारता. या वेळी मात्र सही करण्याआधी दोनदा वाचलं.

सोमवारी सकाळी सात वाजता. नात्याच्या रकान्यात 'बहीण' लिहिलंय. खोडायचं असेल तर स्वतः येऊन खोड.

वाट बघणारी,
तुझी ताई