सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या

तीर्थस्वरूप मामांस,

व्यासपीठाखालच्या अडगळीतून साष्टांग नमस्कार (इथे छत इतकं खाली आहे की दुसरा कुठला नमस्कार जमतच नाही). तुमची तब्येत बरी असेलच. मामींच्या गुडघ्यांचं कसं आहे? जमिनीवर बसू नका असं डॉक्टरांनी बजावलंय, ते त्या पाळतात ना? मी ठीक आहे, म्हणजे अजून सापडलेलो नाही.

मामा, माझी पाचावर धारण बसली आहे. जगातली संपत्ती मूठभरांच्याच हातात का गोळा होते, यावर त्या मूठभरांनीच इथे सभा भरवली आहे आणि व्यासपीठावरच्या खुर्च्यांना गाद्या बसवायचं काम तुमच्या या भाच्याला मिळालं. संयोजक बाईंचा हुकूम होता की विषय विषमतेचा आहे, तेव्हा सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या हव्यात. मी दोरी धरून एका रेषेत आणल्या. मग पडद्याआडून एकेक सेक्रेटरी यायला लागला. पहिल्याच्या साहेबांची पाठ दुखत होती, त्यांना बोटभर उंच हवी होती. ते दुसऱ्याच्या कानावर गेलं (या लोकांत पाठदुखी गोवरासारखी पसरते), त्याला दोन बोटं हवी झाली. प्रत्येकाला मी शब्द दिला की तुमचेच साहेब सगळ्यात उंच दिसतील. नाही म्हणायची छातीच झाली नाही हो. यांच्यातल्या एकाने भुवई उचलली तरी गावंच्या गावं उठतात. फोम संपला तेव्हा मागच्या रांगांतल्या खुर्च्या उसवून काढला. तिथली माणसं आता नुसत्या फळीवर बसून विषमतेवर टिपणं काढताहेत, कुणी हूं की चूं केलं नाही.

सभा सुरू झाली आणि फटीतून पाहतो तर काय, सगळ्यांचे पाय अधांतरी! खाली चकचकीत बूट लोंबकळताहेत आणि वर गरिबांची काळजी चालली आहे. एकाचेच पाय जमिनीवर होते, ज्याच्याकडून कुणी आलं नव्हतं त्याचे. नेमका तोच सगळ्यात श्रीमंत, आणि त्याचं डोकं शेजाऱ्यांच्या खांद्याशी. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि माइकवरच विचारलं, "या खुर्च्या कुणी केल्यात?" तेव्हा मी इथे शिरलो तो अजून इथेच आहे. डोक्यावर बुटांचे आवाज फिरताहेत, कुणीतरी गादीवाल्याला शोधा म्हणतंय. यांनी मनात आणलं तर माझ्या दुकानाला कायमचं कुलूप लागेल. भीती वाटते मामा, खरंच वाटते.

तुमचा भाचा

ता. क. सापडलो. मला वाटलं, आता कॉलर धरणार. पण त्याच सगळ्यात श्रीमंत साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "जेवणानंतर माझी सगळ्यांपेक्षा थोडी उंच करून ठेवा. कुणाला कळता कामा नये." फोम तर कुठेच उरला नव्हता.

आणखी एक ता. क. कापड बदलायला दिलेला तुमचा सोफा माझ्या टेम्पोतच होता. तो उद्या घरी पोचेल. कापड झकास बसलंय, वरून काही कळत नाही. फक्त मामींना त्यावर बसू देऊ नका, बसल्या तर थेट जमिनीला टेकतील. साहेबांना नाही म्हणवलं नाही, मामा. आणि मामी काही बोलणार नाहीत, हे मला माहीत होतं.