हप्ते भरणाऱ्यास मागची खोली

मी, चष्म्याची भिंगं घासणाऱ्या कारागिराची बायको, वय त्रेसष्ट, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने, शाळेतल्या सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे समास सोडून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. गोंधळ आहे तो वेगळा.

१. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, आणि घरावर कर्ज. यांचे हात थरथरू लागले, काम सुटलं, तेव्हा तीन महिने मी बँकेची पत्रं न उघडता कपाटात ठेवली. उघडली नाहीत तर ती आलीच नाहीत, अशी माझी समजूत. शेवटी गेले, तर साहेब म्हणाले, "काकू, हप्ता चुकायच्या आधीच यायचं ना." तरी त्यांनी मुदत वाढवून हप्ता कमी केला. मुलांनो, अडचण आली की आधी जाऊन सांगा.

२. तो कमी हप्ताही मला अर्धाच जमतो. उरलेला अर्धा गेले दहा महिने कुणीतरी रोख भरतं आहे. बँकेच्या खिडकीवरची मुलगी नाव सांगत नाही. मुलगा म्हणतो, "मी नाही गं, माझंच कसंबसं चाललंय." लेक म्हणते, "मी भरले असते तर चार वेळा ऐकवलं असतं." तेव्हा माझ्या वाट्यातली मागची खोली, जिथे मुलं रांगली, ती हप्ते भरणाऱ्यास. बाकी मुलांना सारखं.

३. यांची हत्यारं लेकीला मिळावीत. ती माझी नाहीत, मला देता येत नाहीत असं वकीलबाई म्हणतात. तरी लिहून ठेवते.

४. मोठ्या जाऊबाईंना काही नाही. घरच्या चष्म्याच्या दुकानाच्या वाटणीत गिऱ्हाइकं त्यांनी ठेवली, आम्हाला नुसतं भिंगं घासायचं यंत्र दिलं. अकरा वर्षं बोलणं नाही. मी नवी नवरी असताना माझी वेणी त्याच घालायच्या, हे मात्र विसरले नाही.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, असं वकीलबाई म्हणाल्या. हे म्हणाले, "मग वहिनींना बोलाव. त्यांना आपण काही देतच नाही." त्या आल्या. सगळं वाचलं. पेन उघडलं आणि परत टोपण लावलं.

"मला सही करता यायची नाही."

"अजून राग आहे?"

"राग आहेच. त्यासाठी नाही." दुसऱ्या कलमावर बोट ठेवून म्हणाल्या, "या खोलीला ओल आहे का गं?"

मला कळायला जरा वेळ लागला. नाव घालू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. भावजींना कळलं तर ते घेणार नाहीत." भावजी समोरच बसले होते. ते भिंतीकडे बघत राहिले.

चौथं कलम रद्द. दुसऱ्यात काय लिहावं ते अजून सुचत नाही, म्हणून तसंच ठेवते.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही) २. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)

स्थळ: आमचं जेवणाचं टेबल.
दिनांक: पाच, हप्त्याचा दिवस. आज बँकेत आम्ही दोघी जावा मिळून जाणार आहोत.

(सही)