आवाजाची रेघ

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार

प्रिय अप्पा,

'प्रिय' म्हणून केलेली सुरुवात तुम्हाला आवडणार नाही, हे ठाऊक आहे. मी चौथीत असताना मामांना पत्र लिहायला बसवलंत, तेव्हा तुम्हीच शिकवलं होतं, की वडीलधाऱ्यांना आधी 'तीर्थरूप' लिहायचं, मग बाकीचं. आज तो शब्द तीनदा लिहिला आणि तीनदा कागद फाडला. हात धजावला नाही. का, ते पुढं कळेलच. श्रीदेवीअक्काकडं तुमचं बरं चाललं असेल. इथं तुमच्या सुनेची, धनलक्ष्मीची, शाळा सुरू झाली, शिकवायला सकाळी सातलाच निघते. नळाला पाणी चार दिवसांआड येतंय. परवा पाणी आलं तेव्हा सवयीनं तुम्हाला हाक मारली, आणि मग एकट्यानंच पिंप भरलं.

मागच्या दिवाळीनंतर आपण नवी पेठेत टीव्हीला जोडायचा तो छोटा बॉक्स आणायला गेलो होतो. केबल बंद करायची होती, आणि इंटरनेटवरची भजनासारखी गायलेली वचनं नि गावोगावच्या कुस्त्या मोठ्या पडद्यावर दिसतात, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. अव्वा गेली, माझी आई नि तुमची सोबत गेली, तेव्हापासून तुम्ही कशासाठी एवढे हौसेनं तयार झाला नव्हतात. इस्त्रीचा शर्ट घातला होतात. दुकानदारानं काउंटरवर तीन बॉक्स मांडले. तुम्ही चष्मा लावून एकेक हातात घेतलात, वजन पाहिलंत, बुडाची भोकं पाहिलीत, आणि त्याला विचारलंत, "चालू ठिवल्यावर तापतंय का हे?" तो म्हणाला, "काका, आजवर मला हे कुणी विचारलं नाही." तुम्ही खुश झालात. होटगीला बत्तीस वर्षं रेल्वेत फिटर म्हणून काढलेला माणूस आहे मी, असं त्याला सांगितलंत. मग मोठ्या बटणांचा रिमोट असलेला काळा बॉक्स तुम्ही पसंत केलात आणि चहा सांगायला बाहेर गेलात.

तुम्ही बाहेर होता तेवढ्यात मी दुकानदाराला हळूच एक गोष्ट विचारली. तुम्ही परत आलात तेव्हा काउंटरवर दुसराच बॉक्स होता. मी म्हणालो, "अप्पा, तुम्ही निवडलेल्यापेक्षा हा बरा आहे." तुम्ही काळा बॉक्स एकदा उचललात आणि खाली ठेवलात. "तुला कळतंय त्यातलं. घे की," एवढंच म्हणालात.

घरी येऊन मी तो जोडला. टीव्हीचा जुना रिमोट कपाटात टाकला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत, "शरणू, ह्याचा आवाज येत न्हाय रे." मी कानातला हेडफोन काढून चिडतच बाहेर आलो, रिमोटचं बटण दाबून धरलं. पडद्यावर आवाजाची रेघ शेवटपर्यंत गेली. शंभर. मी म्हणालो, "बघा, फुल आहे." तुम्ही त्या रेघेकडं पाहिलंत, मग माझ्याकडं. "मग माझंच कान गेलं म्हण की." आणि मी म्हणालो, "वय झालं, अप्पा."

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते एकदा लिहायचंच आहे. आधी तुम्ही खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढलीत. मग कानामागं हात धरून बसायला लागलात. मग पाहणंच सोडलंत. धनू तुमच्याशी ओरडून बोलायला लागली, मीही लागलो. जेवायला या, हे आम्ही गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचो, आणि तुम्ही म्हणायचात, "धनूचा आवाज तेवढा मला स्पष्ट येतोय." अक्काचा फोन आला की माझ्या हातात देऊ लागलात. आठवड्यातून तीनदा लोकांच्या मोटारी तपासायला बसनं होटगीला जायचात, ते बंद झालं. पेचकसाचं टोक पाण्याच्या पंपाच्या मोटारीला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे तुम्ही. लोक लांबून मोटारी घेऊन तुमच्यासाठी थांबायचे. त्यांना तुम्ही स्वतः जाऊन सांगून आलात, की आता दुसरीकडं दाखवा, बहिऱ्यानं मोटारीचं निदान करू नये. घरी आलात आणि हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकलीत. मी बघत होतो. आणि एप्रिलमध्ये, "हितं तुमच्या कामात माझी अडचण नको. साकु, पुरं झालं," असं म्हणून अक्काकडं बार्शीला निघून गेलात. मी स्टँडवर तुमची बॅग उचलून दिली.

अप्पा, तुमच्या कानांना काही झालेलं नाही.

मी दुकानदाराला विचारलं होतं, की आवाज कमी ठेवता येईल असा बॉक्स आहे का. तो म्हणाला, "ह्यात हद्द घालता येते. रेघ शंभरपर्यंत जाईल, आवाज मात्र तुम्ही ठरवाल तेवढाच. बारकी पोरं असली की लोक हाच नेतात." बॉक्स जोडल्याच्या दुसऱ्या रात्री तुम्ही झोपलात तेव्हा मी हद्द घातली, आणि टीव्हीचा मूळ आवाजही पाडून ठेवला. शंभरावर रेघ गेली तरी शेजारच्या खोलीत काही येऊ नये, इतका. दिवसभर घरी बसून मला लोकांशी फोनवर बोलावं लागतं, मागं तुमच्या कुस्तीचा हलगी-कैताळ वाजत असायचा, साहेबांनी दोनदा सुनावलं होतं, ही सगळी कारणं खरी आहेत. पण तुम्हाला नुसतं सांगितलं असतं तरी तुम्ही आवाज कमी केला असता, हेही खरं आहे. सांगताना वाईटपणा येतो. तो मला नको होता. आणि टीव्ही तुम्ही मोठ्यानं का लावायचात तेही मला माहीत होतं. ऐकू येत नव्हतं म्हणून नाही. अव्वाच्या मागं घर गप्प पडू नये म्हणून.

हद्द काढायला दोन मिनिटं लागली असती. जानेवारीत एकदा काढायला बसलोही होतो. मग वाटलं, आवाज एकदम मोठा झाला तर तुम्हाला कळेल. मशीन तुम्हाला कळतं. म्हणून तशीच ठेवली. आणि त्याच महिन्यात साहेब म्हणाले, आता तुझ्या घरात शांतता असते, काम सुधारलंय. मला बरं वाटलं, अप्पा. हे लिहिताना मान वर होत नाही, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी होटगीचा धुळा मोटार घेऊन दारात आला. तुम्हाला शोधत आला होता. मी म्हणालो, अप्पा बार्शीला आहेत, आणि त्यांना आता ऐकू येत नाही. तो हसला. म्हणाला, "कुटलं काय! मागल्या महिन्यात बार्शीला लेकीकडं गेलतो. स्टँडवर अप्पा पुढं चाललेलं, एवढी गर्दी, मागनं नुसतं 'अप्पा' म्हणलं तर लगेच वळून बघितलं. वर मलाच म्हणतेत, धुळा, कान गेलं रे माझं. मी म्हणलं, मग माझी हाक कशी ऐकली? तर म्हणले, तू लई मोठ्यानं वरडतूस. आमच्या शरणूनं मशीन लावून दाखवलंय मला. त्यो खोटं कशाला सांगंल?"

धुळा मोटार उचलून गेला. मी दार लावलं आणि बॉक्सची हद्द काढली, टीव्हीचा आवाज पूर्ववत केला, नि वचनं लावली. घर दणाणलं. धनू स्वयंपाकघरातून पळत आली. तिला सगळं सांगितलं. तिनं रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "पाच महिने मी त्यांच्यावर ओरडत होते." पुढं म्हणाली, "मला नका सांगू. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. ते बरोबरच आहे.

म्हणून मागच्या रविवारी मी बार्शीला आलो होतो. सहज आलो, असं अक्काला सांगितलं, पण हेच सांगायला आलो होतो. तुम्ही अंगणात ज्वारी निवडत बसला होतात. मी समोर बसलो, "अप्पा, मी तुमचे कान" एवढं म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. नुसते ओठ हलले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. तुम्ही माझ्या तोंडाकडं टक लावून पाहत होता. मग सूप बाजूला ठेवलंत, माझा हात धरलात, आणि म्हणालात, "माफ कर बाळा. तू काय म्हणलास ते ऐकू आलं न्हाय. आता तर कान पारच गेलं बघ." आणि तुम्ही ओशाळून हसलात. तेव्हाही मला सांगता आलं नाही. पाचच्या बसनं परत आलो. अप्पा, मी काही बोललोच नव्हतो. तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतं. एवढ्यासाठी हे पत्र.

तुमचा म्हणवून घ्यायची लाज वाटते, तरीही तुमचाच,
शरणू