दोन खाटांचा बंगला

बाबूजी,

परवा नात फोन घेऊन माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आजी, मला एकटीला जंगल पाहायला जायचंय. गर्दी नको, जीपांची रांग नको. कुठं जाऊ सांग ना." तिच्या फोनवर वाघाचे फोटो, आणि वाघाभोवती टोप्या घातलेली माणसंच माणसं. मी म्हटलं, माझे बाबूजी असते तर तीन प्रश्न विचारून जागा सांगितली असती. ती हसली. मला हसू आलं नाही, मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन साठ वर्षं होत आली, तरी अजून येतो. असा येतो की चुलीवरचं वरण उतू जातं तरी मला पत्ता नसतो. सुनेला वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

तुम्ही पांढरकवड्याच्या जंगलखात्याच्या कचेरीत कारकून. छप्पन साली आपला मुलूख मुंबई राज्यात गेला, शिक्के बदलले, छापील कागद बदलले, तुमचं टेबल मात्र तेच राहिलं. त्या टेबलावर जंगलातल्या बंगल्यांची वही. शिकारीचे परवाने साहेब द्यायचे. पण बंदूक न घेता नुसतं पाहायला येणारे जे थोडे वेडे असत, त्यांना साहेब तुमच्याकडे ढकलून द्यायचे. नागपूरचा एकटा फिरणारा प्रोफेसर, नवं लग्न झालेला ओव्हरसियर आणि त्याची लाजरी बायको, एक मिशनची बाई. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून तेच तीन प्रश्न विचारायचे. किती जण? सोबत स्वयंपाकी आणता काय? पायी चालता काय? स्वयंपाकी आणणाऱ्याला सडकेजवळचा मोठा बंगला, जिथं हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे दिवसभर ऐकू येत. पायी चालतो म्हणणाऱ्याला आतला, लहान, दोन खाटांचा, जिथं शेवटचे दोन मैल जीप जातच नसे. वर सल्ला द्यायचे, तो कोणी मागितलेला नसायचा. मोहफुलांच्या दिवसांत येऊ नका, पहाटेपासून बाया टोपल्या घेऊन जंगलात असतात. तेंदूपानाच्या तोडीत तर नकोच नको. माघात या. शेजारच्या पट्ट्यात त्या आठवड्यात शिकारी नाहीत ना, तेही वही उलटवून पाहायचे. मिशनची बाई एकटी होती, तर तिच्यासाठी नाकेदाराच्या, म्हणजे तिथल्या फॉरेस्ट गार्डाच्या, बायकोला ओसरीवर झोपायला सांगितलं. परक्या माणसांसाठी किती जीव टाकायचे हो तुम्ही!

एकदा मी तुमचा डबा घेऊन कचेरीत आले. शाळेत होते तेव्हा. समोर एक मोठे अधिकारी खुर्चीवर, मागं त्यांचे सात पाहुणे, बाहेर जीपमध्ये भांडीकुंडी. त्यांना आतलाच बंगला पाहिजे. तुम्ही उभे राहिलात, आवाज चढवला नाही, पण मानही हलवली नाही. "साहेब, तिथं दोन खाटा आहेत. तिसरा माणूस आला की गप्पा सुरू होतात, अन् गप्पा सुरू झाल्या की जनावर उठून जाते. नाही देता येत." अधिकारी लाल झाले. मी डबा छातीशी धरून दारात उभी, आणि मनात म्हणते आहे, वा रे माझा बाप! ते निघून गेले. तुम्ही डबा उघडला आणि विचारलं, "आज ठेचा नाही दिला आईनं?" जसं काही झालंच नाही.

मग माझं लग्न झालं. सासर यवतमाळचं, नवरा दवाखान्यात कंपाउंडर. तीन खोल्या आणि नऊ माणसं. मोठ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही अशी त्या घराची रीत. चहा पाहिजे तर तो बहिणीला सांगणार, बहीण मला सांगणार. आमची झोपायची जागा म्हणजे पडद्याची एक बाजू. दुसऱ्या बाजूला दीर कंदील लावून मोठ्यानं अभ्यास करायचा. सात महिन्यांत मी त्या माणसाशी सलग दहा वाक्यं बोलले नव्हते. आणि मला बोलायचं होतं, बाबूजी. माझ्या शाळेतल्या बाईंनी अमरावतीच्या अध्यापन वर्गाचा फॉर्म पाठवला होता. एक वर्ष वसतिगृहात राहायचं, मग मास्तरीण. फॉर्मवर नवऱ्याची सही पाहिजे, महिनाअखेर पोचला पाहिजे. त्याच्या आईसमोर विचारलं तर तो नाहीच म्हणणार. एकट्याला गाठून विचारलं तर हो म्हणेल, असं मला आपलं वाटत होतं. पण गाठायचा कुठं? यवतमाळात तर विहिरीवरसुद्धा कोणी ना कोणी आहेच. तेव्हा मला दोन खाटांचा बंगला आठवला. मी तुम्हाला पाकिटातून लिहिलं, चांगलं डिंक लावून बंद केलेलं: आम्हा दोघांनाच दोन दिवस द्या, दोघांनाच. का ते लिहिलं नाही. तुम्ही समजून घ्याल असं वाटलं.

आणि तुम्ही उत्तर कार्डावर पाठवलंत! उघड्या कार्डावर! पाकिटात झाकण्यासारखं माणसानं काही लिहूच नये, हा तुमचा जन्माचा हट्ट. पोस्टमननं कार्ड सासऱ्यांच्या हातात दिलं, दिरानं ते अंगणात उभं राहून वाचलं, शेजारणीनं कुंपणावरून ऐकलं. "दोघांसाठी आतला बंगला रिकामा ठेवला आहे." सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "दोघांसाठीच? अन् आमाले काय जंगल नाही पाहाचं काय? सुनेच्या बापाचा बंगला हाय, मंग आमाले कायले नाही बलावलं त्यायनं?" झालं! दोन दिवसांत चिवडा तयार, लाडू तयार, मोठी नणंद माहेरपणाला आली होती ती तयार, आत्याबाई तयार. मी भाकरी थापताना तव्यावर इतक्या जोरात आपटत होते की धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, तवा फुटन."

पांढरकवड्याच्या बसथांब्यावर आम्ही उतरलो, आम्ही दोघं आणि ते सात जण. तुम्ही समोर उभे, धुतलेलं धोतर, काळी टोपी. मी फक्त तुमच्या तोंडाकडं पाहते आहे. आता म्हणतील. आता चष्मा कपाळावर जाईल, आता म्हणतील, तिथं दोन खाटा आहेत. आणि तुम्ही व्याह्यांना हात जोडले. "या, या, इवाईबुवा! सारेच आले, लय बरं झालं." सासूबाईंची पिशवी तुम्ही खांद्यावर घेतलीत, बाबूजी. लगेच दुसरी बैलगाडी सांगायला धावलात. त्या क्षणी मला वाटलं, इथंच रस्त्यात बसकण मारावी आणि भोकाड पसरावं.

पुढचे दोन दिवस काय सांगू! खाटा सासू-सासऱ्यांना. बायका आतल्या खोलीत, गडी ओसरीवर, म्हणजे मी इकडं आणि तो तिकडं, यवतमाळपेक्षा लांब. दिराचा ट्रान्झिस्टर किरकिर करतो आहे, आत्याबाई पानाचा डबा वाजवतात, सासरे वाघाला हाका मारल्यासारखे खाकरतात. जनावर म्हणून जे दिसलं ते वानरं, तीही लाडवांसाठी आलेली. नाकेदार बिचारा ओसरीच्या खाली उकिडवा बसून डोकं खाजवत होता. "बाबूसाहेब, अशानं तं ससाबी नाही दिसत." आणि तुम्ही मुलीचे बाप म्हणून कंबरेला पंचा बांधून वाढत होता, आग्रह करत होता, पाटोडीची भाजी तिखट झाली म्हणून माफी मागत होता.

विहिरीवर मी तुम्हाला एकटं गाठलं. म्हटलं, "त्या मोठ्या साहेबाला तोंडावर नाही म्हटलं होतं तुम्ही. यांना काहून नाही म्हणत?" तुम्ही बादली काठावर टेकवली. म्हणालात, "साहेबाले नाही म्हटलं तं लय झालं तं माझी बदली झाली असती, पोरी. यायले नाही म्हटलं तं तुले भोगा लागन." मला ते पटलं आणि म्हणूनच आणखी संताप आला. पटणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. मी घागर उचलली आणि पाणी सांडत निघून आले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, परतायच्या आधी, सगळे चहा पीत असताना तुम्ही एकदम म्हणालात, "केळापूरच्या देवीले न भेटता कसे जाता, इवाईबुवा? इवीनबाईची ओटी भराची राहून जाईन." सासूबाई लगेच पदर सावरून उठल्या. दोन गाड्या जुंपलेल्या होत्या, कधी जुंपल्या कोणाला ठाऊक. सगळे बसले आणि जागा संपली. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "सामानाजवळ कोणी तं पाहिजे. वानरं लय हायेत. हे दोघं थांबतीन." सासूबाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही गाडीवानाला हाक मारली आणि बैल निघाले. तुम्ही पायीच गाडीमागून चालत होता. एकदाही वळून पाहिलं नाही. नाकेदार जवळ येऊन म्हणाला, "बाई, सामान मी पाह्यतो. तिकडं डोहाच्या वर खडक हाय, तिथं बसा दोघं. बाबूसाहेबानं सांगतलं."

मग आम्ही जाऊन बसलो. खाली पाणी, पलीकडं सागाची मोठी मोठी वाळलेली पानं. थोड्या वेळानं चितळांचा कळप आला, एक पिल्लू आईच्या पोटाखालून वाकून पाणी प्यायलं. माझ्या पिशवीत फॉर्म होता, चार घड्या केलेला. त्याच्या खिशाला पेन होतं. तो म्हणाला, "इथं कोणी हाकच मारत नाही. किती बरं वाटून राह्यलं." मग बोलायलाच लागला. दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधताना तो मनातल्या मनात गाणी म्हणतो, त्याला लहानपणी बासरी शिकायची होती, आईनं ती मोडली. मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. हात धरला. मी पिशवीवर हात ठेवून बसले होते आणि म्हणत होते, आता विचारते, हे पिल्लू गेलं की विचारते. तो नाही म्हणाला तर ही सकाळ मोडेल. आणि हो म्हणाला तर मला त्याला सोडून वर्षभर जावं लागेल, आणि मला तर तो आत्ताच भेटला होता. उन्हं वर आली. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा चितळं उधळली आणि आम्ही उठलो.

बसथांब्यावर सगळे चढत असताना तुम्ही माझ्याजवळ आलात. हळूच विचारलं, "तुले त्याच्याशी काही बोलाचं होतं ना? झालं?" मला माझाच इतका राग आला होता की तो कुठं तरी टाकायचा होता, आणि समोर तुम्ही होता. मी म्हटलं, "या जत्रेत कधी बोलणार? तुम्ही कारकून ते कारकूनच राहिलात. सख्ख्या मुलीला दोन घडी देता आल्या नाहीत तुम्हाला." तुम्ही म्हणायला पाहिजे होतं, आणि सकाळची वेळ कुठं गेली? नाही म्हणालात. "चुकलं माझं, पोरी," एवढंच म्हणालात आणि माझी पिशवी आत दिलीत. फॉर्म घरी आल्यावर मी चुलीत घातला. पुढच्या वर्षी थोरला झाला, मग मास्तरीण होणं राहूनच गेलं. मी सगळ्यांना सांगत आले, बाबूजींनी ते कार्ड पाठवलं नसतं, इवायांपुढं मान तुकवली नसती, तर मी शिक्षिका झाले असते. नवऱ्यालाही हेच सांगितलं. तोही बिचारा तुम्हालाच बोल लावत गेला.

दोन वर्षांनी तुम्ही गेलात. तेराव्याला आई म्हणाली, "ते तुझ्याबद्दल एकच बोलायचे. साऱ्या मुलखाले जागा देल्ली, माझ्या पोरीले नाही देता आली." तेव्हाही मी आईला खडकावरच्या त्या सकाळचं सांगितलं नाही. परवा नातीलाही तीच जुनी गोष्ट सांगितली आणि तुमच्यावरच ढकललं. हे पत्र मी कोणालाही दाखवणार नाही. पण तुम्ही मला तीन तास दिले होते, बाबूजी. मीच विचारलं नाही.