हिरवी सही

२ जून, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शाखा सचिव म्हणून मी युनियनसाठी काय काय करतो ते कुठेतरी नोंदलं जायला हवं. सभासदांना कदर नाही. गेल्या अधिवेशनात केंद्रीय अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, तुमच्यासारखी माणसं हवीत. वर हिरव्या शाईचं पेन दिलं. ते फक्त महत्त्वाच्या सह्यांसाठी.

३ जून
मेव्हण्याला कंपनीने नारळ दिला. प्रेसची जाळी तुटलेली, बोटं जातील म्हणून याने मशिन बंद केलं. कंपनी म्हणते, उत्पादनात अडथळा. अपिलाला पंधरा दिवस आहेत. शाखा सचिवाच्या सहीचा साधा अर्ज चालतो. पण युनियनच्या केंद्रीय कार्यालयाच्या लेटरहेडवर गेला की मॅनेजरला घाम फुटेल! केंद्राला ईमेल केला.
ही म्हणाली, आजच सही करून टाका ना, माझा एकुलता एक भाऊ आहे. ही त्याच कंपनीत पॅकिंगला, युनियनची सभासद, तरी संघटनेची रचना कळत नाही. शिवाय मेव्हणा म्हणून घाई केली तर लोक काय म्हणतील?

६ जून
केंद्राची पोच आली! 'आपला संदेश मिळाला.' ईमेल पाठवल्याच्या मिनिटालाच आली होती, मी आज पाहिली. याला म्हणतात तत्परता.

९ जून
प्रेस खात्यातले काका (सगळे त्यांना काकाच म्हणतात) म्हणाले, सगळे मिळून अर्धा तास प्रेस बंद ठेवू. मी म्हटलं, केंद्राची मंजुरी नाही. त्यांनी विचारलं, बोटं आमची आणि मंजुरी त्यांची? भावनेच्या भरात बोलतात बिचारे.

१३ जून
केंद्राचा फोन!! अपिलाबद्दल नाही. सोळापासून अधिवेशन, माझं पाच मिनिटांचं भाषण. विषय: तळागाळातल्या सभासदाचा आवाज. अपिलाचं तिथेच तोंडी बोलून घेईन. हिने कॅलेंडरवर अठरा तारखेला गोल केलाय. सुट्ट्या धरत नसतील, मी मोजलंय.

१७ जून, हॉटेल
भाषण वेळेअभावी रद्द. त्याऐवजी आभार मानले, दीड मिनिट. परदेशातल्या गोदी कामगारांना पाठिंब्याचा ठराव एकमताने. माझा हात सगळ्यात आधी वर. अध्यक्ष भेटले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमच्यासारखी माणसं हवीत. मग नाव विचारलं. जेवणाची गडबड होती, अपिलाचं उद्या.

१९ जून
मुदत काल संपली. सुट्ट्या धरतात. मॅनेजर म्हणतो, संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली, कागदाच्या चिठोऱ्यावरही घेतलं असतं. आता बोलायला काय जातंय!
मेव्हणा घरी बसला होता. त्याला अधिवेशनाची पिशवी देऊ केली. घेतली नाही. ही माझ्याशी बोलत नाही. मला झोंबलं, पण नेतृत्वाची किंमत मोजावी लागते.

२४ जून
माझ्या पाठीमागे काकांनी प्रेस बंद पाडल्या. चाळीस मिनिटं. संध्याकाळी सगळ्या मशिनना नव्या जाळ्या बसल्या. मेव्हण्याला मात्र परत घेतलं नाही, मुदत गेली म्हणे. केंद्राला शिस्तभंगाचा रिपोर्ट लिहायला बसलो तर हिरवं पेन गायब.

२७ जून
युनियनच्या खोलीत काकांनी एक अर्ज दिला. मला सचिवपदावरून काढावं. एकशे अठरा सभासदांपैकी एकशे चौदा सह्या. सगळ्या हिरव्या शाईत. पहिली सही हिची.
तिथूनच केंद्राला फोन लावला. तीनदा विचारलं, कुठली शाखा? मग म्हणाले, हा स्थानिक प्रश्न आहे, स्थानिक पातळीवर मिटवा.
अर्ज मिळाल्याची पोच म्हणून माझी सही हवी होती. मी खिसे चाचपत राहिलो. ही काकांच्या मागेच उभी होती. तिने पेन पुढे केलं.
सही केली. पाच सेकंदही लागले नाहीत.