टोबिनचा डावा हात

१० जानेवारी
टोबिन गेला. गावच्या आइस हॉकी संघाने आपला गोलरक्षक हॉलोवेच्या संघाला देऊन टाकला, सस्कॅचवान प्रांताच्या दुसऱ्या टोकाला. बदल्यात एमरिक नावाचा आघाडीपटू. दुपारी प्रशिक्षकांनी टोबिनला बोलावलं, अंधार पडायच्या आत त्याचं सामान गाडीत. दोन हिवाळे तो आमच्याकडे राहिला — बाहेरगावची पोरं इथे गावातल्या घरांतच राहतात. आई त्याच्या डब्यात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, भरत राहिली. मी त्याची पॅडं नीट रचून दिली. रडारड नको होती. झाली नाही.

११ जानेवारी
एमरिक आला. त्याच खोलीत. दारावर अजून टोबिनच्या नावाची पाटी. तो आईला ‘मॅडम’ म्हणाला. आई — “मॅडम शाळेत. इथे ओक्साना.”

२ फेब्रुवारी
पुन्हा हरलो. नव्या गोलरक्षकाच्या हाताखालून चकती सरळ जाते. एमरिकचा एकही गोल नाही. पेट्रोलपंपवाला म्हणतो, “काय गं लेस्या, पावती असेल तर परत करा की त्याला.” म्हटलं, अदलाबदलीची मुदत संपली. आहेत त्यांच्यावर जिंकायचं. संघात माझं कामही तेच — सामन्यांची चित्रणं बघायची, कुठे काय सुधारता येतं ते शोधायचं.

२२ फेब्रुवारी
आईने घोळ घातला. सामन्याला जाताना इथली प्रत्येक आई आपल्या घरी राहणाऱ्या खेळाडूच्या फोटोचा बिल्ला कोटाला लावते. आईने सवयीने टोबिनचा लावला. एमरिकने मैदानाभोवतीच्या काचेपलीकडून पाहिला.
परतताना गाडीत तोच म्हणाला, “फोटो चांगला आलाय त्याचा.”
आईने गाडी कडेला घेतली आणि बिल्ला काढला.

१२ मार्च
शनिवारी शेवटचा सामना. जिंकलो तर बाद फेरी, हरलो तर हंगाम संपला. समोर हॉलोवे. म्हणजे टोबिन.
तो दमला की त्याचा डावा हात खाली येतो. मला माहीत आहे, कारण ती सवय मोडायला आम्ही दोघांनी आमच्या तळघरात अख्खा हिवाळा घातला. पुरती मोडली नाही.
प्रशिक्षकांना सांगायचं का?

१३ मार्च
सांगितलं. एमरिकला चित्रणही दाखवलं. “शेवटच्या सत्रात. डाव्या हाताच्या वर.”
“तुला वाईट नाही वाटत?”
“वाटतं. तिथेच मार.”

१५ मार्च
जिंकलो. पण मी सांगितलं तसं नाही.
शेवटच्या सत्रात हात खाली आला. आमच्यांनी वर मारलं — टोबिनने झेललं. पुन्हा मारलं — पुन्हा झेललं. तेव्हा कळलं, हात मुद्दाम खाली होता. आमिष. शेवटी एमरिकने चकती टोबिनच्या दोन पायांमधून घातली.
नंतर त्यांच्या बसजवळ आईने टोबिनला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून तो मला म्हणाला, “लेस, तू सांगणार हे मला जानेवारीपासून माहीत होतं.”
“मग पाय का उघडे ठेवलेस?”
“गप्प बस.”

१६ मार्च
न्याहारीला एमरिकला विचारलं, मी दाखवलं तिथे का नाही मारलंस.
“तो तुला ओळखतो,” तो म्हणाला. “मला नाही.”
वर जाऊन टोबिनची पाटी उतरवली. एमरिकची लावली. खिळे तेच.